"बाई, फणी हाय का गं तुझ्याकडं?"

बोरीचं_झाड (धागाकर्ती), सोमवार, रात्री १०:१२

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) महिला संघाचा नेम आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासना सुटली की आम्ही सात-आठ जणी सरकारी दवाखान्यात जातो. प्रत्येक कॉटला दोन केळी, एक बिस्किटाचा पुडा आणि वचन छापलेली चिठ्ठी. गाव नगर. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जिभेला वळण नगरचंच आहे.) बायकांचा वॉर्ड आम्ही वीस मिनिटांत उरकतो. 'उरकतो' हा शब्द लिहिताना माझा मलाच खटकला, पण खोडत नाही.

काल खिडकीजवळच्या कॉटवर एक आजी होत्या. खुब्यात मोडलेलं, पायाला दोरी बांधून कॉटच्या टोकाला विटा टांगलेल्या. मी केळी ठेवली, पुडा ठेवला, "प्रभू तुम्हाला लवकर बरं करो" म्हटलं आणि पुढच्या कॉटकडे वळले. मागून आवाज आला, "बाई, फणी हाय का गं तुझ्याकडं?"

पर्समध्ये होती. आजींनी मान जराशी उचलली तर मागचे केस उशीला घासून घासून घोंगडीसारखे झालेले. अकरा दिवस उताण्या पडून होत्या. सून डबा घेऊन येते, पण तिला परतीची एसटी गाठायची असते. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं खोबरेलाची बाटली पुढे केली. मी बसले. टोकाकडून वर वर, एकेक बट सोडवत. दुखत असणार, पण आजी नुसतं "हं, हं" करत होत्या आणि मधूनमधून बोलत होत्या. म्हशीचं नाव काय, तिची धार आता कोण काढत असेल, आणि त्या पडल्या कशा, हे तीन वेळा, दर वेळी थोडं वेगळं.

पाऊण तास गेला. बाकीच्या जिन्यापाशी ताटकळल्या. निघताना आम्ही फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकतो, या वेळच्या फोटोत मी नाही. एक ताई म्हणाल्या, "एकीपाशीच एवढा वेळ बसलीस, मग बाकीच्या तीस जणींचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चुकलं होतं असंही नाही.

पण घरी आल्यापासून एकच घोळतंय डोक्यात. सहा वर्षं मी त्या वॉर्डात जातेय. केसांचा गुंता झालेली ही पहिलीच बाई असेल? शक्यच नाही. मग सहा वर्षं मला दिसत काय होतं? बहुतेक पिशवीत पुडे किती उरले ते.

इथं सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत म्हणून विचारते. देण्याआधी बघायचं असतं, ते कसं शिकलात? ख्रिस्ती असाल तर तुमच्या मंडळीत काय करतात तेही लिहा. नसाल तरी लिहा.


पाचूबंदरचा_पोर, सोमवार, रात्री ११:०५

ताई, आमच्याकडे वसईत पॅरिशमध्ये व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन १८३३ मध्ये पॅरिसला सुरू केलेली. तिची जुनी रीत अशी की मदत चर्चच्या दारात बोलावून द्यायची नाही, घरी जाऊन द्यायची, आणि जाताना जोडीनं जायचं. दारात रांग लावली की माणसाचा फक्त हात दिसतो. घरात गेलं की चूल पेटलीय का, छप्पर कुठं गळतंय, सगळं दिसतं.

म्हणजे दिसायला हवं. आमची फजिती सांगतो. एका म्हाताऱ्या कोळी काकांकडे आम्ही पाच किलो तांदूळ नेऊन द्यायचो. दर महिन्याला, सलग पाच महिने. सहाव्या महिन्यात माझा नेहमीचा जोडीदार आला नाही, त्याच्या जागी एक नवा मुलगा आला. त्यानं आत जाऊन बसल्या बसल्या विचारलं, "काका, तुमचं रेशन कार्ड आहे ना, मग तांदूळ का संपतात?" काकांनी अंगठा पुढे केला. आयुष्यभर दोर आणि जाळं ओढून बोटांवरच्या रेषाच गुळगुळीत झालेल्या. रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेईना, म्हणून धान्य बंद.

पाच महिने मी त्या माणसाच्या हातात पिशवी देत होतो. हातात! आणि हात बघितला नव्हता. पुढे दुकानात खेपा घालून सोय लागली. आता काका आम्हालाच सुके बोंबील देतात, नको म्हटलं तर रागावतात.


शंकासुर, मंगळवार, सकाळी ८:४०

लेख मनापासून लिहिलाय यात शंका नाही (आयडीला न शोभणारं वाक्य). पण एक प्रश्न, स्पष्ट विचारतो. केळी समजली, फणी तर फारच आवडली. ती वचनाची चिठ्ठी कशासाठी? पायाला विटा टांगलेल्या बाईला "चिठ्ठी नको" म्हणता येतं का? केळ्याबरोबर आलेल्या चिठ्ठीला नाही म्हटलं तर केळंही जाईल असं तिला वाटत नसेल कशावरून?

मिशनरी सेवेवरचा हा आक्षेप आजचा नाही. १८९३ साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून (विधवा आणि मुलींची निवासी शाळा) हेच पेटलं होतं. रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे बाजूला झाले, लोकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तेव्हा "आमचा हेतू शुद्ध आहे" एवढ्यानं भागत नाही.


ग्यानबाची_मेख, मंगळवार, सकाळी ९:१५

आला का धाग्यात धर्म! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.


बोरीचं_झाड, मंगळवार, सकाळी ९:५०

@ग्यानबा, पॉपकॉर्न तुम्हीच संपवा, भांडण होणार नाही.

@शंकासुर, प्रश्न बोचला. खरं सांगू? चिठ्ठी का देतो हे मी कधी विचारलंच नाही. मी लग्न होऊन या मंडळीत आले तेव्हा चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात होताच. मला माझ्या श्रद्धेची लाज नाही, आणि ती लपवून दवाखान्यात जावं असंही मला वाटत नाही. पण "तिला नको म्हणता येतं का" हे मी कधी तिच्या बाजूनं बघितलं नव्हतं. संघाच्या सभेत काढते विषय. शिव्या खाईन बहुतेक.


निवृत्त_परिचारिका, मंगळवार, दुपारी २:३०

मी मिरजेला शिकले, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये काढलेल्या मिशन हॉस्पिटलात. पुढे नोकरी सगळी इतरत्र. धागाकर्तीनं विचारलंय की बघायला कसं शिकलात. आम्हाला ते अक्षरशः शिकवलं जायचं, आणि चुकलं की मेट्रन सगळ्यांसमोर काढायच्या.

पहिल्या वर्षी आमच्याकडे काम पाठीचं. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक पेशंटची पाठ, कंबर, टाचा, कोपरं रोज बघायची. नुसती नजर टाकून नाही. पलंगावर झुकून, हात घालून. कुठं लाली दिसली तर बोटानं दाबायची. दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ हातात आहे. लालीच राहिली तर आत बिघाड सुरू झाला. बेडसोर एकदा फुटला की महिनोन्‌महिने भरत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव कधी कधी हाडापेक्षा त्या जखमेनं जातो. दुसरा नियम, बेड नंबरानं हाक मारायची नाही. "सात नंबरला इंजेक्शन" म्हटलं की मेट्रन विचारायच्या, "सात नंबरला आई-बापानं नाव ठेवलं नव्हतं का?"

आता तुझ्यासाठी, कारण तू चांगलं काम केलंस पण अर्धं केलंस. वजन लावलेल्या पेशंटला कूस बदलता येत नाही. केस विंचरलेस तेव्हा तिची टाच बघितलीस का? पुढच्या खेपेची वाट बघू नकोस, उद्याच जा. काही दिसलं तर स्वतः तेल चोळत बसू नकोस, वॉर्डच्या सिस्टरला दाखव.

आणखी तीन गोष्टी. खायला देण्याआधी सिस्टरला विचारायचं, कुणी ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेली असते. मधुमेहाच्या बाईला केळी-बिस्किटं वाटत फिरू नये. आणि एक फणी वॉर्डभर फिरवायची नाही! उवा म्हणजे काय ते तुम्हाला मंडळीतच कळेल.


सीनाकाठ, मंगळवार, संध्याकाळी ६:२०

जामखेडची आठवण निघणार असं वाटलंच होतं, कुणी काढेना म्हणून मीच काढतो. माझी मावशी तिथं गावची आरोग्य कार्यकर्ती होती.

रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर, दोघंही श्रद्धावंत ख्रिस्ती. १९७० मध्ये जामखेडला आले तेव्हा हा भाग म्हणजे दुष्काळ, खरूज, हगवण आणि दर घरात गेलेलं एखादं लेकरू. इतक्या शिकलेल्या माणसांनी मोठं हॉस्पिटल बांधून बसायचं, लोक आले असते. यांनी गावोगाव जाऊन आधी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोक म्हणाले, पाणी आणि धान्य. डॉक्टर कुणी मागितलाच नाही. मग काम पाण्यापासून सुरू झालं. बोअरच्या जागा दलित वस्तीत आखल्या. पाणी पाहिजे तर सगळ्या गावाला तिथंच यावं लागणार! भाषण एकही नाही.

प्रशिक्षित नर्सबाई गावात पाठवून बघितल्या, ते जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बायका घेतल्या. बहुतेकींना अक्षर येत नव्हतं, बऱ्याच जणी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. मावशी सांगायची, पहिल्यांदा जामखेडला गेले तेव्हा कुणी नाव विचारलं तर "अमक्याची बायको, तमक्याची आई" एवढंच सांगता आलं. आरशासमोर उभं राहून स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणायला लावलं तिला. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र रांधायच्या, एका पंक्तीला जेवायच्या, एकमेकींशेजारी झोपायच्या. मावशी पुढे बाळंतपणं करायला लागली आणि जी घरं तिला ओट्यावर चढू देत नव्हती त्यांनी तिला आत माजघरात नेलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं, ते आम्हाला पेपरातून कळलं. मावशीचं नाव गावात त्याआधीच झालं होतं.

@शंकासुर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे मावशीपुरतं उत्तर आहे. ती तीसेक वर्षं त्यांच्यासोबत होती. शेवटपर्यंत तिच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. डॉक्टर प्रार्थना करायचे, सगळ्यांना माहीत होतं, लपवलं कधीच नाही.


शंकासुर, मंगळवार, संध्याकाळी ७:०२

मावशींना नमस्कार. असं असेल तर माझं काही म्हणणं नाही. माझा मुद्दा खंडोबाचाच आहे.


खडूचा_तुकडा, मंगळवार, रात्री ९:३०

निवृत्त शिक्षक, त्यामुळे पाल्हाळ गृहीत धरा.

जखमी वाटसरूची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे, बहुतेकांना ठाऊक असेल. यरुशलेमेहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकला. याजक आला, बाजूनं निघून गेला. लेवी (मंदिरातला सेवक) आला, तोही. मग शोमरोनी, म्हणजे ज्याचा यहुद्यांनी विटाळ मानावा असा माणूस, थांबला. वर्गात आम्ही हे "दोघांनी दुर्लक्ष केलं आणि तिसऱ्यानं बघितलं" असं शिकवायचो. मूळ मजकूर नीट वाचला तेव्हा चपापलो. तिघांबद्दलही 'त्याला पाहून' असंच लिहिलंय. याजकानं पाहिलं, लेवीनं पाहिलं. डोळ्यांचा दोष नव्हता. शोमरोन्याच्या बाबतीत एक शब्द जास्त आहे: कळवळा.

मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. इंग्रजीवाल्यांना तिथं तात्त्विक वाटणारा शब्द घ्यावा लागला. आपल्याला नाही. पोटात तुटणं, आतडं पिळवटणं, पोटात कालवणं, सगळं घरचंच. आणि कळवळा हा तर वारीच्या वाटेवरचा शब्द, तो मराठी बायबलात पाहुणा म्हणून आलेला नाही. शंकासुर, इथं तरी भांडणाला जागा नाही.

पुढचा भागही बघण्यासारखा आहे. शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, स्वतःच्या जनावरावर बसवतो (म्हणजे स्वतः पायी चालतो), उतारशाळेत रात्रभर सांभाळतो, दुसऱ्या दिवशी मालकाला पैसे देतो, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो, आणि स्वतःच्या कामाला निघून जातो. बरं झालेल्या माणसाकडून त्यानं काही लिहून घेतलं नाही.

आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट आणखी मजेशीर. रस्त्यावर ओरडणारा आंधळा भिकारी, त्याला काय हवंय हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी येशू विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींच्या घराला याच बार्तीमयाचं नाव दिलं. रमाबाईंचा विषय निघालाच आहे तर १८९३ वर थांबू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या मुली घेऊन आल्या. त्याच रस्त्यांवरून पुष्कळ लोक गेले असतील. पण रमाबाईंनी स्वतः आधीच्या दुष्काळात आई, वडील, बहीण गमावली होती. त्या पोरींकडे बघताना त्यांना काय दिसलं असेल, हे आपण पोट भरलेल्यांनी तर्कच करायचा.


वाडीतला, मंगळवार, रात्री ११:४८

सर, सुंदर. पण सगळे इथं देणाऱ्याच्या बाजूनं लिहितायत म्हणून घेणाऱ्या घरातला एक जण लिहितो.

आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातले, महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. शाळा मिळाली, त्यामुळेच मी आज हे टाईप करतोय, ते ऋण मान्य. आता आजोबांची गोष्ट. परदेशातून कपड्यांच्या पेट्या यायच्या. आजोबांच्या वाट्याला एक लोकरीचा कोट आला, जाडजूड, गुडघ्यापर्यंत. नगरचा मे महिना. आणि ती पेटी जिनं पाठवली त्या मडमबाई नेमक्या त्याच रविवारी भेटीला येणार होत्या. पाळकांनी निरोप धाडला, कोट घालूनच या. आजोबा अडीच तास पहिल्या बाकावर कोट घालून बसले. मडमबाईंनी हात हातात घेतला, डोळे पुसले. आजोबा घामानं निथळत होते, ते त्यांना दिसलं नाही. की त्यांना तेही अश्रूच वाटले, देव जाणे.

आजोबा ही गोष्ट हसत सांगायचे. आजी मात्र कधी हसली नाही.

आणि एक. बाहेरच्यांचा कळवळा येतो आणि आतल्यांचं काय? माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाच्या वेळी मंडळीतल्याच एका घरानं विचारलं होतं, "मूळचे कोणते तुम्ही?" तेव्हा कुणाला शोमरोनी आठवला नाही.


बोरीचं_झाड, बुधवार, सकाळी ७:१५

@वाडीतला, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. आमच्या ग्रुपवरचे सहा वर्षांचे फोटो उघडून बघितले. आम्ही सगळ्या हसतोय आणि मागे पेशंट. एकीचंही नाव मला सांगता येणार नाही. एका फोटोत तर बाई चक्क झोपलेली आहे आणि तिच्या छातीवर केळी.


पाचूबंदरचा_पोर, बुधवार, सकाळी ८:००

छातीवर केळी 😐

ताई, हसू आलं आणि लगेच आलेलं हसू गिळलं.


निवृत्त_परिचारिका, बुधवार, सकाळी ८:२०

फोटोंचं नंतर बघ. टाच बघितलीस का?


बोरीचं_झाड, बुधवार, रात्री ९:४०

बघितली. ऑफिसातून अर्धा दिवस काढून गेले. एकटी, रिकाम्या हातानं, फक्त फणी. रिकाम्या हातानं वॉर्डात शिरताना इतकं अवघडल्यासारखं होईल असं वाटलं नव्हतं. पिशवी असली की आपण कोण ते ठरलेलं असतं.

आजींनी ओळखलं, "फणीवाली" म्हणाल्या. टाच लाल होती. दाबली, पांढरी झाली, पुन्हा लाल. सिस्टरना सांगायला गेले तर आधी वैतागल्या: "तुम्ही कोण? नातेवाईक का?" चूक नाही त्यांची, चाळीस पेशंटना त्या एकट्या होत्या. मी म्हटलं, नातेवाईक नाही, पण तुम्ही सांगाल ते धरायला उभी राहते. मग आल्या. हातमोज्यात पाणी भरून, गाठ मारून टाचेखाली ठेवला. पाठ पुसायला मी कड धरली. सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या, सकाळपासून चहा झाला नाहीये. त्याही मला सहा वर्षांत कधी दिसल्या नव्हत्या.


निवृत्त_परिचारिका, बुधवार, रात्री १०:०५

पाण्याचा हातमोजा आमच्या वेळचा. आता पोटरीखाली घडी घालून टाच अधांतरी ठेवा म्हणतात. पण सिस्टर उठून आली हे महत्त्वाचं. पुढच्या वेळी तिच्यासाठी चहा ने, थर्मासमधून.


बोरीचं_झाड, सत्तावीस दिवसांनी, मंगळवार, रात्री ९:२०

धागा वर काढतेय, कारण तिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

आजी घरी गेल्या. मला कळलं तेव्हा कॉटवर दुसरी बाई होती. निरोप घेता आला नाही.

दुसरा रविवार परवाच झाला. या वेळी आम्ही निम्म्याच कॉट केल्या, उरलेल्या पुढच्या महिन्यात. वाटप नाही केलं, दोघी-दोघींनी एकेकीपाशी बसायचं ठरलं. एक डझन फण्या नेल्या, जिची तिला ठेवून द्यायची. ज्या ताईंनी "बाकीच्या तीस जणींचं काय" विचारलं होतं त्या नेलकटर घेऊन आल्या आणि नऊ जणींची नखं काढून उठल्या. कमरेत उसण भरली त्यांच्या. तिसऱ्या कॉटपाशी दोघी जणी कंटाळून व्हरांड्यात जाऊन बसल्या, तेही सांगून टाकते. एका पेशंटनं "मला काही नको, मला झोपू द्या" म्हणून हाकललं. फोटो काढला नाही, त्यावरून ग्रुपवर थोडं वाजलं.


शंकासुर, मंगळवार, रात्री ९:४४

आणि चिठ्ठी?


बोरीचं_झाड, मंगळवार, रात्री ९:५८

वाट बघत होते, तुम्ही विचारणारच. सभेत दीड तास वाद झाला. बंद करायला बहुमत मिळालं नाही. शेवटी ठरलं की कॉटवर ठेवायच्या नाहीत, दाराजवळच्या टेबलावर गठ्ठा ठेवायचा, ज्याला हवी त्यानं घ्यावी.

परवा एकच गेली. एका बाईनं माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लेकीचा फोन नंबर लिहून सिस्टरांच्या हातात दिला.